गोव्यात राहून उपयोजित गणितात पगारी संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. कोणाची तरी भाची, कोणाच्या तरी शेजाऱ्याचा मुलगा, कधी मुलगा बाजूला बसलेला आणि बोलतायत वडील. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. मी फोंडा तालुक्यातला, मराठी शाळेत पाढे घोकलेला. आधी प्रोजेक्टवर आणि मग पीएचडीला अशी बरीच वर्षं गणिताच्या विभागांत काढली. तीच उत्तरं दर वर्षी फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

ही नोकरी आहे की शिक्षण? घरी काय सांगू?

दोन्हीही आणि दोन्हीही नाही. जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो. त्याला महिन्याला पैसे मिळतात, पण तो पगार नसून फेलोशिप असते. पीएफ नाही, पेन्शन नाही, कायम होण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या बाजूने फी भरून वर्गात बसणारा विद्यार्थीही तुम्ही नसता. घरी सांगायचं तर असं सांगा : चार-पाच वर्षं शिकायचे पैसे मिळणार आहेत आणि शेवटी पीएचडी. गोव्यात "सरकारी जॉब" हा शब्द कानावर पडल्याशिवाय वडीलधाऱ्यांचं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे. तरी खोटं सांगू नका, दुसऱ्या वर्षी अंगाशी येतं.

अर्ज करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काय बघायचं?

पैसा कोणाचा आहे ते. विषय, गाईड, संस्थेचं नाव, सगळं त्याच्यानंतर. एकाच खोलीत शेजारी बसलेले तीन संशोधक असतात, तिघांनाही जवळजवळ तेवढीच रक्कम मिळते, पण तिघांचं आयुष्य वेगळं असतं.

पहिल्याकडे स्वतःची फेलोशिप आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ मिळाली, किंवा राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची, म्हणजे एनबीएचएमची शिष्यवृत्ती मिळाली, किंवा विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिला आल्यामुळे केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिप मिळाली. हा पैसा माणसाच्या नावावर असतो. गाईड निवृत्त झाला, विभागात भांडणं झाली, तरी नियमात बसवून दुसरीकडे हलता येतं. विषय निवडायचं स्वातंत्र्यही जास्त, कारण गाईडला तुम्ही फुकटात मिळालेले असता.

दुसऱ्याकडे संस्थेची फेलोशिप आहे. आयआयटी, एनआयटी आणि काही खासगी विद्यापीठं अशी देतात. पैसे मिळतात, पण त्याबदल्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे ट्युटोरिअल घेणं, पेपर तपासणं, लॅब सांभाळणं आलं. याला टीए ड्युटी म्हणतात. बी.टेक.च्या दोनशे मुलांच्या लाप्लास रूपांतराच्या उत्तरपत्रिका एका आठवड्यात तपासून झाल्या की तुम्ही झोपेतही लाप्लास रूपांतर करू लागता.

तिसरा प्रोजेक्टवर आहे. प्राध्यापकाने एखाद्या सरकारी संस्थेकडून निधी आणला, त्यात एका जेआरएफची किंवा प्रोजेक्ट असोसिएटची तरतूद आहे, आणि ती जागा तुम्हाला मिळाली. हा पैसा प्रोजेक्टचा. प्रोजेक्ट तीन वर्षांचा आणि तुम्ही दीड वर्ष उलटल्यावर रुजू झालात, तर तुमच्या वाट्याला उरलेलं दीडच वर्ष. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात. मधली दरी कशी भरायची याचं उत्तर रुजू होण्याआधी मागा, नंतर नव्हे.

मग प्रोजेक्टची जागा घेऊच नये का?

घ्यावी की. मी स्वतः तिथूनच आत आलो. नेट पहिल्या झटक्यात निघत नाही, आणि घरी बसून अभ्यास करण्यापेक्षा विभागात बसून, सेमिनार ऐकत, दोन पैसे हातात ठेवून केलेला अभ्यास बरा. फक्त दोन गोष्टी विचारा : पीएचडीला नोंदणी करता येईल का, आणि प्रोजेक्ट संपायची तारीख कोणती. प्रोजेक्टवर घेतलं म्हणजे पीएचडीला प्रवेश झाला, असा समज करून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या दोन वेगळ्या दारांच्या वेगळ्या किल्ल्या आहेत.

सर म्हणतात माझ्याकडे ग्रँट आहे, पण जागा नाही. हे कसं?

खरं बोलतात. गणितातल्या प्राध्यापकांना मिळणारी एक लोकप्रिय ग्रँट म्हणजे मॅट्रिक्स. वर्षाला दोन लाख, तीन वर्षं. प्रवास, पुस्तकं, कॉम्प्युटर यासाठी ती आहे, माणूस नेमायची त्यात सोय नाही. आधी ही ग्रँट एसईआरबी ही केंद्राची संशोधन-निधी संस्था द्यायची; आता त्या संस्थेची जागा २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे. सरांवर राग धरू नका. उलट अशा सरांकडे स्वतःची फेलोशिप घेऊन गेलात तर ते दारात उभे राहून स्वागत करतील.

महिन्याला हातात किती पडतात?

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला ३७,००० रुपये, पहिली दोन वर्षं. त्यानंतर एक समिती कामाचा आढावा घेते, त्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो. तिने मान्यता दिली की एसआरएफ, म्हणजे सीनिअर, आणि ४२,०००. पीएचडी झालेल्यांसाठी रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्या आहेत : ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००. वर घरभाडं भत्ता, शहराच्या वर्गाप्रमाणे. वसतिगृहात खोली मिळाली तर तो मिळत नाही. पुस्तकं, प्रवास, छपाई यांसाठी वर्षाला थोडी आकस्मिक रक्कम असते. ती खर्च केल्यावर बिलं लावून मिळते, म्हणून रिक्षाची सोडून सगळी बिलं जपा.

सगळ्याच जागांना हे दर लागू नसतात. नेट किंवा गेट ही दुसरी राष्ट्रीय परीक्षा न झालेल्या प्रोजेक्ट असोसिएटला कमी मिळतात, आणि किती ते जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. "नियमानुसार" एवढंच लिहिलं असेल तर फोन करून आकडा विचारा. विचारण्यात लाज कसली?

गोव्यात अशा जागा निघतात तरी कुठे?

एवढ्याशा राज्याच्या मानाने पुष्कळ. ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ १९८५ पासून आहे, त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर २००४ पासून. एनआयटी २०१० ची, आधी फर्मागुडीला होती, आता कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत आहे. आयआयटी २०१६ ची, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात.

आणि गणिताची मुलं ज्यांना विसरतात अशा दोन संस्था. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, १९६६ ची. आणि वास्कोला हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. दारावरच्या पाटीवर गणित लिहिलेलं नाही म्हणून आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत. पण भरती-ओहोटी, लाटा, प्रवाह, मान्सून, बर्फ यांची मॉडेलं म्हणजे आंशिक विकलक समीकरणंच. जाहिरातीत "भौतिकशास्त्र, गणित, वातावरणशास्त्र किंवा समतुल्य" अशी ओळ दिसली की ती तुमच्यासाठी आहे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या, एनआयओसारख्या प्रयोगशाळांतून पीएचडी करायची तर पदवी ॲकसिर या संस्थेची मिळू शकते, आणि ती रीतसर मान्य पदवी आहे.

पण उपयोजित गणितात नक्की करतात काय? एम.एस्सी.ला तर सगळी प्रमेयंच होती.

घराजवळचंच उदाहरण घेऊ. पणजीच्या फेरी धक्क्यावर उभे राहा. समुद्राची भरती मांडवीत शिरते आणि आत सुमारे पन्नास किलोमीटर, गांजेपर्यंत तिचा परिणाम जाणवतो. आता भरतीची लाट वर पोचायला किती वेळ लागत असेल? उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. सरासरी खोली पाच मीटर धरली तर ९.८ गुणिले ५ म्हणजे ४९, वर्गमूळ ७. सेकंदाला सात मीटर. पन्नास किलोमीटरला साधारण सात हजार सेकंद, म्हणजे दोन तास. झाला तुमचा पहिला अंदाज, पाठकोऱ्या कागदावर.

पण नदी सगळीकडे पाच मीटर खोल नाही, ती वळते, अरुंद होते, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीला जोडलेली आहे. पावसाळ्यात वरून गोड्या पाण्याचा लोंढा येतो. मग समीकरणं कागदावर सुटत नाहीत, नदीचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे करून कॉम्प्युटरवर सोडवावी लागतात. आणि इथे गंमत आहे. लाट एका तुकड्यातून दुसऱ्यात साधारण चौदा सेकंदांत जाते. साध्या, थेट पुढे पावलं टाकणाऱ्या पद्धतीत गणनेतलं वेळेचं पाऊल त्याहून मोठं टाकलंत, समजा मिनिटाचं, तर उत्तर फुगत फुगत जातं आणि थोड्याच पावलांत स्क्रीनवर मांडवीत दहा हजार मीटर पाणी दिसतं. ही अट न पाळल्यामुळे बुडालेल्या नद्या प्रत्येक संशोधकाच्या पहिल्या वर्षात असतात. एका दिवसाच्या भरतीसाठी सहा हजारांवर पावलं. हे का घडतं ते सिद्ध करणं हेही उपयोजित गणित, आणि सिद्ध झाल्यावर खारं पाणी खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशीपर्यंत (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापर्यंत) केव्हा पोचेल ते काढणं हेही.

सगळेच पाण्यात नसतात. रोगप्रसाराची मॉडेलं, नियंत्रण सिद्धांत, इष्टतमीकरण, आलेख सिद्धांत, मशीन लर्निंगच्या मागचं गणित, वित्तीय गणित, सगळं यात येतं. एक नाव मात्र गोव्याच्या मुलाला माहीत असायलाच हवं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. बहुतेकांना ते इतिहासकार म्हणून ठाऊक. पण गुणसूत्रावरची अंतरं मोजायचं कोसंबी फलन जनुकशास्त्रात आजही वापरतात. आणि १९४३ साली त्यांनी मांडलेली एक कल्पना, जी पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जास्त ओळखली गेली, तिच्याच बळावर आज समुद्राच्या तापमानाचे हजारो नकाशे मोजक्या आकृत्यांत मोडून बघतात. पठारावरून दोनापावलला उतरणाऱ्या मुलाने एवढं जाणून उतरावं.

नेटचा पेपर शुद्ध गणितवाल्यांचा असतो ना? आम्हाला त्यात काय मिळणार?

गणितशास्त्राच्या पेपरात चार भाग आहेत. पहिल्यात विश्लेषण आणि रेषीय बीजगणित, दुसऱ्यात संमिश्र विश्लेषण, बीजगणित, टोपॉलॉजी, तिसऱ्यात विकलक समीकरणं, संख्यात्मक पद्धती, चलनकलन, समाकल समीकरणं, यांत्रिकी, चौथ्यात संख्याशास्त्र. तिसरा भाग सगळा तुमचाच आहे. आणि पहिला भाग कोणालाच टाळता येत नाही.

गुणांचा हिशेब बघा. २०० गुण, तीन तास. भाग 'अ' मध्ये २० पैकी १५ प्रश्न, दोन गुणांचे. 'ब' मध्ये ४० पैकी २५, तीन गुणांचे. 'क' मध्ये ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५. 'क' मध्ये उणे गुण नाहीत, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर धरले तरच गुण. माझं मत असं, की उपयोजितवाल्याने तिसरा भाग आणि रेषीय बीजगणित पक्कं करावं, वास्तव विश्लेषणाला रोज एक तास द्यावा, आणि भाग 'अ' ला कमी लेखू नये. ते तीस गुण दहावीच्या गणिताचे आहेत आणि तेच घाईत जातात.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग असतात : जेआरएफ, सहायक प्राध्यापक पात्रता, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. खालच्या दोन वर्गांना पीएचडीच्या प्रवेशात नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात, आणि ते गुण एक वर्ष चालतात. फेलोशिप मात्र पहिल्याच वर्गाला.

गेट चालतं का?

आयआयटी-एनआयटीत आणि बऱ्याच प्रोजेक्टना चालतं. गुण तीन वर्षं ग्राह्य असतात. पण गेटने कॉलेजात सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळत नाही, म्हणून नेट सोडू नका. एनबीएचएमची स्वतःची परीक्षा असते, तीही द्या. ती पाठांतराला दाद देत नाही, पण त्या तयारीने डोकं साफ होतं.

जाहिरात वाचायला काही युक्ती?

खालून वर वाचा. वर संस्थेचं बोधचिन्ह आणि प्रोजेक्टचं लांबलचक नाव असतं, कामाच्या गोष्टी तळाला. "पद पूर्णतः तात्पुरते आणि प्रोजेक्टसोबत संपुष्टात येणारे" ही ओळ नेहमीचीच, घाबरू नका. "सुरुवातीस एक वर्ष, कामगिरी पाहून मुदतवाढ" म्हणजे दर वर्षी एक पत्र निघणार आणि ते पत्र कधीतरी उशिरा निघणार. "आवश्यक पात्रता" म्हणजे नसली तर अर्ज बाद. "इष्ट पात्रता" म्हणजे नसली तरी अर्ज करा. मुली ही दुसरी ओळ वाचून मागे फिरतात आणि मुलगे पहिलीसुद्धा न वाचता अर्ज करतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. "मुलाखतीसाठी प्रवासखर्च मिळणार नाही" असं असेल तर ऑनलाइन मुलाखतीची सोय आहे का ते ईमेलने विचारा.

संशोधनाच्या जागेसाठी कोणी "प्रोसेसिंग फी" मागितली, तीही खासगी खात्यात, तर ती जागा नाही.

गाईडला ईमेल केला, उत्तरच येत नाही.

ईमेल दाखवा. बहुतेक वेळा तो असा असतो : "आदरणीय सर, मी आपल्या महान कार्याने प्रभावित झालो असून आपल्या हाताखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे. सोबत बायोडेटा." हाच मजकूर चाळीस जणांना गेलेला, आणि एकदा तर वर दुसऱ्याच सरांचं नाव राहिलेलं.

त्याऐवजी सहा ओळी लिहा. तुम्ही कोण, एम.एस्सी. कुठून, नेट-गेटची स्थिती काय. त्यांचा एक पेपर घ्या, अख्खा कळला पाहिजे असं नाही, त्यातली एक पायरी जी कळली आणि एक जी अडली ती लिहा. स्वतः केलेलं एखादं छोटं काम जोडा : पायथनमध्ये सोडवलेलं उष्णता समीकरण, त्याचा एक आलेख, पाऊल मोठं घेतल्यावर काय बिघडलं त्याच्या दोन ओळी. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने साळावली धरणाच्या पाण्याच्या पातळीचा वर्तमानपत्रात रोज छापून येणारा आकडा दोन पावसाळे वहीत लिहून त्यावर एक साधं मॉडेल बसवलं होतं. मॉडेल चुकलेलंच होतं, पण तिला ते कुठे चुकलं ते सांगता येत होतं. तिला दुसऱ्याच दिवशी भेटायला बोलावलं. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एक आठवण करा. तिसरी नको.

मुलाखतीत काय विचारतात?

सगळ्यात आवडता विषय कोणता, हे. आणि मग त्यातच खणत जातात. म्हणून "टोपॉलॉजी" असं तोंडाला येईल ते सांगू नका. विकलक समीकरणं म्हणालात तर : उकल अस्तित्वात आहे हे कशावरून, एकच आहे हे कशावरून, एक साधं उदाहरण द्या जिथे एकाहून जास्त उकली आहेत. फळ्यावर खडू घेऊन उभं राहायचं असतं. येत नसेल तर "आता आठवत नाही, पण असं सुरू करीन" म्हणा आणि खरंच सुरू करा. समितीला उत्तरापेक्षा तुमची सुरुवात बघायची असते. कोडिंगचा अनुभव लिहिला असेल तर प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला असू द्या. त्यातली एखादी ओळ कशासाठी आहे, हा प्रश्न ठरलेला.

कोणते दाखले लागतात?

राष्ट्रीय फेलोशिपला गोव्याच्या रहिवासाचा दाखला लागत नाही. राज्य सरकारच्या योजनांना लागतो, उदाहरणार्थ मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना. ओबीसींनी एक काळजी घ्यावी : राज्याच्या नमुन्यातला दाखला नेट किंवा आयआयटीला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला आणि क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा लागतो. अर्जाची तारीख जवळ आल्यावर धावपळ केलीत तर नेमकी चतुर्थीची सुट्टी आडवी येते.

मराठी माध्यमातून शिकलो, इंग्रजीचं कसं होणार?

होतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे, पण गणिताचं इंग्रजी तीनशे शब्दांचं आहे : समजा, म्हणून, तर आणि तरच, हे सिद्ध करायचे होते. बोलताना अडखळलात तर सूत्र लिहून दाखवा. मराठीत विचार करायची सवय सोडू नका एवढंच सांगेन. "सांत" आणि "अनंत" हे शब्द मला आजही इंग्रजीपेक्षा लवकर कळतात.

मी हायर सेकंडरीला लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. नोकरी सांभाळून जमेल?

अर्धवेळ पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मुभा आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र घेऊन. पण मग फेलोशिप नाही. जेआरएफ पूर्णवेळच असते. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. लेक्चर बेसिसचा भरवसा पुढल्या जूनपर्यंतचा असतो, हे लक्षात घेतलं तर फेलोशिपकडे झुकावं असं माझं मत.

किती वर्षं लागतात? मध्ये लग्न, मूल झालं तर?

त्याच नियमांप्रमाणे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यात संशोधन नीतिमत्तेचा विषय येतोच. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्यांना एम.एस्सी.शिवायही थेट अर्ज करता येतो. गणितात मात्र घाई करू नका.

पैसे वेळेवर येतात का?

नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. रुजू झाल्याचा अहवाल, बँक खातं, आधार जोडणी, विभागाची दर महिन्याची ऑनलाइन पुष्टी, यातली एक कडी निसटली की गाडी थांबते. मी प्रोजेक्टवर असताना मुदतवाढीचं पत्र एका टेबलावर चार महिने पडून होतं. कोणत्या संस्थेच्या ते जाऊ द्या. रोज विचारायला गेलो की तिथले गृहस्थ अदबीने चहा पाजायचे आणि म्हणायचे, "फाईल वर गेल्या." वर म्हणजे पहिला मजला की दिल्ली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. चारही महिने ताईने सांभाळलं, आणि पाचव्या महिन्यात सगळे एकदम जमा झाले. म्हणून रुजू होताना निदान तीन-चार महिन्यांची शिदोरी हाताशी ठेवा, आणि प्रत्येक कागदावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

राहायचं कुठे?

वसतिगृह मिळालं तर डोळे मिटून घ्या. पणजी, दोनापावल, ताळगाव इथली भाडी पर्यटकांच्या हिशेबाने चढलेली. काही घरमालक ऑक्टोबर ते मे खोली पाहुण्यांना देतात आणि संशोधकाला फक्त पावसाळ्यात. करार अकरा महिन्यांचाच करा. फोंड्याहून किंवा डिचोलीहून कदंबच्या सरकारी बसने येजा करणारे पुष्कळ आहेत, फक्त संध्याकाळची शेवटची बस पाठ हवी. ती चुकली आणि पायलटही, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवालाही, गेला, की पठारावर वाऱ्याशिवाय कोणी नसतं.

पीएचडी झाल्यावर गोव्यातच पोस्टडॉक करू का?

शक्यतो नको. गाईडच्या सावलीतून बाहेर पडायची हीच वेळ. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते, वयाची अट आहे, आणि ती घेऊन दुसऱ्या संस्थेत जायचं असतं.

आणि परदेशात?

जर्मनीत पीएचडीच्या जागा ही खरोखरची नोकरी असते. ठरलेल्या श्रेणीत करार, विमा, रजा. फक्त पुष्कळदा पूर्ण पगाराऐवजी दोन तृतीयांश किंवा तीन चतुर्थांश. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये तीन वर्षांचा पैसा असतो, पण अट अशी की ज्या देशात जाणार तिथे मागच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तिथेही प्रश्न तोच विचारा : पैसा कोणाचा, किती वर्षांचा.

आजोबांमुळे मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. काढला तर फेलोशिपवर परिणाम होईल?

होईल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि नेटची जेआरएफ भारतीय नागरिकांसाठीच आहे. लिस्बनची कागदपत्रं करायला देण्याआधी हा हिशेब घरात बसून करा.

फोन केला तर चालेल का?

चालेल, रात्री आठनंतर. जाहिरातीचा कागद समोर ठेवा आणि प्रोजेक्ट संपायची तारीख आधी शोधून ठेवा. मी पहिलं तेच विचारतो.